उसाचे प्लास्टिक : तोडणारे कोण, वेचणारे कोण?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि गटारे तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. ती गटारे साफ करायला कोण उतरले, हे विचारण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. पुढे २०१८ मध्ये राज्यात बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य शासनाने कंपोस्ट होणाऱ्या, प्रमाणपत्र असलेल्या ताटल्या, पेले आणि चमच्यांना वाट मोकळी करून दिली. हाच तो 'जैविक प्लास्टिक'चा नवा जमाना.

हे प्लास्टिक खनिज तेलापासून होत नाही. साखर किंवा स्टार्च आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात, त्याचे रेणू एकमेकांना जोडून पीएलए नावाचा पदार्थ करतात. जेजुरीला प्राज कंपनीचा असा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये उभा राहिला. शास्त्रज्ञांच्या कामगिरीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण महाराष्ट्रात साखर म्हटली की ऊस आला, उसाबरोबर कारखानदार आला आणि कारखानदाराबरोबर सत्ता आली. ऊस तोडायला मात्र बीडकडून दलित, वंजारी, भटके-विमुक्त येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाची उचल डोक्यावर असते, पोरांची शाळा सुटते. याच जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. ज्या मालाची सुरुवात अशी होते, त्याला 'हरित' म्हणण्याची घाई आम्हाला नाही.

आता शेवट पाहू. पीएलएचा पेला उकिरड्यावर टाकला म्हणजे महिन्याभरात माती होतो, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास तापमान टिकवणारी कंपोस्टची व्यवस्था लागते. दादर-परळच्या पेटीत पडलेला पेला तिथवर पोचतो का? तो देवनारला गेला तर वर्षानुवर्षे तसाच राहील. कचरा वेचणारी बाई पाण्याची बाटली उचलते, कारण भंगारवाला तिला भाव देतो. या नव्या पेल्याला भाव नाही. दिसायला तो बाटलीसारखाच, आणि बाटल्यांच्या मालात थोडा जरी मिसळला तरी वितळवलेला माल गढूळ होतो. मग भाव पडतो तो तिचाच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे, २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिथल्या बायांत दलित बहुसंख्य आहेत. असे निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले होते काय?

पर्याय नाहीत असे नाही. माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. ज्या कापसावर लालबाग-परळच्या गिरण्या चालल्या, त्याच्याच पऱ्हाट्यांपासून तिने फळ्या करून दाखवल्या. विदर्भातला शेतकरी आजही बरीच पऱ्हाटी शेतातच जाळतो. आणि पळसाची पत्रावळ? तिला ना कारखाना लागतो ना प्रमाणपत्र. ती उकिरड्यावरच कुजते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराला जेवण देणाऱ्या आपल्या संस्थांनी, मंडळांनी आणि कर्मचारी संघटनांनी ताटल्या कशाच्या घ्यायच्या हे ऑक्टोबरातच ठरवावे. पत्रावळी घ्यायच्या तर त्या बचत गटांकडून घ्याव्यात. आणि शिवाजी पार्कवरचा कचरा वेगळा करणाऱ्या बायांची दिवसाची मजुरी अन्नदानाच्या खर्चातच धरावी.