आजचा गोल आणि उद्याची हुंडी

नावाजलेला, अनुभवी आघाडीचा खेळाडू दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करावयाचा आणि त्याच्या बदल्यात अद्याप पुरते मिसरूडही न फुटलेली दोन-तीन पोरे पदरात घ्यावयाची, हा व्यवहार मराठी क्रीडारसिकाला चमत्कारिक वाटेल. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत मात्र तो नित्याचा आहे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडूचा करार ही क्लबची मालमत्ता समजली जाते आणि तिची अदलाबदल बहुधा दुसऱ्या करारांशीच होते. कॅनडातील कॅलगरी फ्लेम्स या क्लबने असे दोन सौदे केले. जेरोम इगिन्ला हा एकच माणूस त्या दोहोंत होता. पहिल्यांदा होतकरू म्हणून, दुसऱ्यांदा ज्येष्ठ म्हणून.

डिसेंबर १९९५ मध्ये कॅलगरीचा कर्णधार जो न्यूएनडाइक कराराच्या वादामुळे संघाबाहेर बसला होता. वय २९, आणि १९८९ च्या स्टॅन्ली चषकाच्या विजयात त्याचा वाटा. क्लबने त्याला डॅलस स्टार्सकडे धाडले आणि मोबदल्यात कोरी मिलन हा खेळाडू व १८ वर्षांचा इगिन्ला घेतला. डॅलसने त्याच वर्षी निवडीत अकराव्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा लीगचा एकही सामना खेळला नव्हता. पुढे त्याने कॅलगरीसाठी ५२५ गोल केले आणि २००१-०२ च्या हंगामात ५२ गोल करून सर्वाधिक गोल व सर्वाधिक गुण असे दोन्ही मान मिळविले.

या सौद्याला दूरदृष्टीचा नमुना म्हणण्याची प्रथा आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजू क्वचितच वाचली जाते. १९९७ पासून २००३ पर्यंत सलग सात हंगाम कॅलगरी बाद फेरीपर्यंतही पोहोचू शकला नाही. त्या काळात डॅलसने १९९९ चा चषक जिंकला, आणि त्या बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो न्यूएनडाइकला! होतकरू खेळाडू ही मुदतीची हुंडी आहे. ती वटली तरी मधल्या वर्षांचे व्याज प्रेक्षकाला पराभवाच्या रूपाने भरावे लागते; आणि बहुसंख्य हुंड्या वटतच नाहीत.

दुसरा सौदा मार्च २०१३ चा. इगिन्ला आता ३५ वर्षांचा होता आणि त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता. त्याला पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे देऊन कॅलगरीने केनेथ अगोस्टिनो व बेन हानोव्स्की हे विद्यापीठात खेळणारे दोन तरुण आणि पहिल्या फेरीतील एका निवडीचा हक्क घेतला. त्या हक्कातून मॉर्गन क्लिमचुक आला. हे तिघे मिळून कॅलगरीसाठी एका पूर्ण हंगामाच्या निम्मेही सामने खेळले नाहीत.

एवढ्यावरून पहिला सौदा शहाणपणाचा आणि दुसरा मूर्खपणाचा ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. वस्तुतः २०१३ मध्ये कॅलगरीच्या हाती विकण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. घेणाऱ्याला काही महिन्यांचीच सेवा मिळणार होती. शिवाय संमतीविना बदली न करण्याचे कलम करारात असल्याने कोठे जावयाचे हे खेळाडूच ठरविणार होता. बॉस्टनशी बोलणे जवळजवळ पुरे झाले असता त्याने पिट्सबर्ग पसंत केले. एकच गिऱ्हाईक उरलेल्या बाजारात विक्रेत्याला भाव कसा मिळावा? त्यातून बलाढ्य संघाची निवडीची पाळी शेवटी येते. क्लिमचुकचा क्रमांक अठ्ठाविसावा होता.

खरी चूक, तिला चूक म्हणावयाचे तर, त्या दिवसाची नव्हे. आधीच्या तीनचार वर्षांची आहे. २००४ मध्ये कॅलगरीने अंतिम फेरीत धडक मारली आणि सातव्या सामन्यात टाम्पा बेकडून हार खाल्ली. २०१० पासून तर बाद फेरीही दुरावली. २००५ पासून प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा आली आहे आणि नवोदितांचे पहिले करार स्वस्त असतात. म्हणजे वर्षाला ७० लक्ष डॉलर घेणारा ज्येष्ठ आणि अल्प वेतनाचा तरुण यांतील अंतर आता पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले होते. इगिन्लाच्या कराराला दोन-तीन वर्षे शिल्लक असताना, त्याची संमती मिळती तर, त्याच्या बदल्यात पुष्कळ अधिक मागता आले असते.

मग क्लब थांबला का? ‘यंदा जमेल’ ही आशा हे एक कारण. दुसरे असे की, इगिन्ला हा त्या शहराच्या दृष्टीने केवळ गोल करणारा इसम नव्हता. तिकीट काढणारा मनुष्य विजय विकत घेतो, तसाच परिचित चेहराही घेतो. आणि या दुसऱ्या वस्तूची किंमत सौद्याच्या वहीत कोठेच मांडली जात नाही. म्हणून थांबण्याला निव्वळ भावनाविवशता म्हणणाऱ्या टीकाकारांचा हिशेबही अपुराच आहे.

पिट्सबर्गचा डाव तरी कोठे साधला? त्या वर्षी बॉस्टननेच त्यांना उपान्त्य मालिकेत चार सामन्यांत शून्याने गारद केले, आणि उन्हाळ्यात इगिन्ला बॉस्टनकडे गेला. १,५५४ सामने व ६२५ गोल करूनही त्याला स्टॅन्ली चषक लाभला नाही. मार्च २०१९ मध्ये कॅलगरीने त्याचा १२ क्रमांकाचा गणवेश समारंभपूर्वक निवृत्त केला.