घरातला संगणक आणि तिन्हीसांजेची घंटा

गावातील मुलांच्या हाती संगणक द्यावा की देऊ नये, हा वाद गोव्यापुरता तरी केव्हाच संपला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशी स्थायिक झालेल्या काही गोमंतकीयांनी वापरलेले, पण चालू स्थितीतले संगणक जमवून इकडच्या शाळांना पोहोचविण्याचा उद्योग आरंभिला. पुढे श्री. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना 'सायबरएज' योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या थेट घरी संगणक आले. तो संगणक मोठा, जड आणि एका जागी बसणारा असे. घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास त्याचा पडदा दिसे, आणि आमच्या मते हाच त्याचा मोठा गुण होता.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. सांगे तालुक्यातील कुमारीच्या बाजूस त्या वर्षी मुलांना नेटवर्क मिळविण्यासाठी डोंगर चढून बसावे लागले. मोबाईल हाही संगणकच, मात्र खिशात मावणारा. शाळा पुन्हा उघडल्या. पण शिक्षणाच्या नावाने घरात आलेली ही वस्तू मुलांच्या हातून पुन्हा कपाटात काही गेली नाही. केरीच्या धक्क्यावर तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे. पूर्वी तेथे मासळीच्या भावाच्या आणि पावसाच्या गोष्टी होत. आता लहानथोर सारेच खाली मान घालून उभे असतात. थोरांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. त्याकडे पुढे वळूच.

इंटरनेट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पणजीच्या ग्रंथालयापर्यंत ज्याला सहज जाता येत नाही, अशा पेडणे तालुक्यातील मुलास ते घरबसल्या शब्दकोश, नकाशे आणि गणिताचा शिक्षक पुरविते. परंतु त्याचे उत्तर पारखून घ्यावे लागते. उदाहरण घरचेच घ्या. गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक आपले, समुद्राकाठचे. दुसरे सत्तरी तालुक्यातले, अंजुणे धरणाजवळचे. तिसरे फोंडा तालुक्यातले, जेथे १९९५ च्या सुमारास नायलॉनच्या कारखान्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. 'माझा गाव केरी' हा निबंध ज्या मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतला, त्याच्या गावात समुद्र, धरण आणि कारखाना हे तिन्ही एका ठिकाणी आले तर नवल नाही. यंत्र चुकले तरी त्याचा स्वर अडखळत नाही, हीच त्यातली मेख आहे. शेजारच्या आजीस किंवा फेरीबोटीवरील खलाशास विचारून लिहिलेल्या चार ओळींत शुद्धलेखन कच्चे असेल, पण गाव तरी खरा असेल.

दुसरी गोष्ट वेळेची. पुस्तक संपते, नाटकावर पडदा पडतो, तियात्रही पहाटेस का होईना आटोपते. मोबाईलवरील चित्रफितींस मात्र शेवट ठेवलेला नाही. एक संपण्यापूर्वीच दुसरी पुढे उभी राहते. हा योगायोग नव्हे. ही करमणूक फुकट दिसते, परंतु कंपन्यांस पैसा मिळतो तो जाहिरातींतून. जितका वेळ आपली दृष्टी पडद्यावर खिळेल, तितक्या जाहिराती अधिक. म्हणून कोणती चित्रफीत पाहताना मूल थांबले, कोणती त्याने पुढे ढकलली, ह्याची नोंद होते आणि पुढचे ताट त्याप्रमाणे वाढले जाते. बारा वर्षांच्या मुलास एवढ्या मोठ्या यंत्रणेसमोर एकटे बसवून 'मनावर ताबा ठेव' असे सांगणे, हे आम्हास न्यायाचे वाटत नाही.

ह्यावर एका मराठी गावाने काढलेला उपाय आम्हास फार आवडला. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात मुलांस लागलेली मोबाईलची सवय सुटेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एकत्र बसून ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाईल व दूरचित्रवाणी बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. नियम मुलांपुरता नव्हता, साऱ्या घरास होता. यशाचे मर्म आम्हास त्यातच दिसते. बाप व्हॉट्सॲप चाळीत बसला आहे आणि मुलाने भूगोल वाचावा, हे कोणत्या घरी घडले आहे?

आपल्या लोकांस तर भोंगा विकत आणण्याचेही कारण नाही. तिन्हीसांजेची आंजेलुसची घंटा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाजत आली आहे, आणि तिच्यामागून घरी तेर्स म्हणण्याची चाल आहे. त्या वेळी सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत आणि जेवण होईपर्यंत तेथेच असू द्यावेत. रात्री मुलाच्या उशाशी मोबाईल नको. चार्जिंगची जागा स्वयंपाकघरात असावी. जुन्या संगणकाप्रमाणे पडदा सर्वांच्या देखत आला, म्हणजे अर्धे काम झाले.

संगणकाची आवड आणि संयम एकत्र नांदू शकतात, ह्याचा दाखला अलीकडचाच आहे. १९९१ साली लंडन येथे जन्मलेला आणि इटलीत वाढलेला कार्लो आकुतिस हा मुलगा संगणकात निष्णात होता. पवित्र सांक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती जमवून ती त्याने इंटरनेटवर मांडली. त्याला व्हिडिओ गेमही आवडत. परंतु त्यांसाठी त्याने आठवड्यास एकच तास राखून ठेवला होता, असे सांगतात. १५ वर्षांचा असताना, २००६ साली, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्यास संत म्हणून घोषित केले.

कायदाही आता जागा झाला आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस मूल मानून, तिची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची संमती आवश्यक ठरविली आहे. तथापि, वय खोटे सांगून खाते उघडणे मुलास अवघड जात नाही. कायदा दारापर्यंत येतो, माजघरात येत नाही.

आणि खरा धोका माजघरातच असतो. खेळाच्या निमित्ताने एखादा अनोळखी 'मित्र' जुळतो, गोड बोलून एखादे खाजगी छायाचित्र मागून घेतो, आणि मग पैसे दे, नाही तर हे सर्वांस दाखवितो, अशी धमकी देतो. कधी साध्या छायाचित्रास यंत्राच्या साहाय्याने अश्लील रूप दिले जाते. अशा वेळी मूल घरी बोलत नाही. का बोलत नाही? मार बसेल म्हणून, मोबाईल कायमचा जाईल म्हणून आणि आईस तोंड कसे दाखवू म्हणून. धमकी देणाऱ्याचे सारे बळ ह्या भीतीत असते. म्हणून आईबापांनी संकट येण्यापूर्वीच, शांतपणे आणि एकदा नव्हे तर पुनःपुन्हा सांगावे की, "बाळा, काहीही घडले तरी आधी मला सांग. मी रागावणार नाही आणि मोबाईलही काढून घेणार नाही." हे वचन दिले तर पाळावे, एकदा मोडले की मूल दुसऱ्यांदा येत नाही.

संकट आलेच तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. मुले ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात तो घेऊन ठेवावा, समोरच्याचे खाते बंद पाडण्याची तक्रार करावी आणि पोलिसांकडे जावे. अल्पवयीन मुलाचे अश्लील चित्र पुढे पाठविणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गंमत म्हणून वर्गमित्राचे चित्र पाठविणारा मुलगाही त्यातून सुटत नाही, हे मुलांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

बँकेतील पैसे गेल्यास १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. त्वरा केली तर पैसे वाटेत अडविता येण्याची शक्यता असते. मुलांच्या कोणत्याही अडचणीसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य चालतो. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारी लावावेत, म्हणजे मुलास ते कोणास न विचारता दिसतील.