लंडनला एकच दिवस मिळाला तर

पूर्वी आपल्या भागातून विलायतेला जाणारा माणूस म्हणजे एखादा बॅरिस्टर, नाही तर मोठा मालगुजार. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा तिकडे शिकतो, कुणाची लेक आणि जावई नोकरीला असतात, आणि आईबाप महिनाभर त्यांच्याकडे राहून येतात. पण मुलांना सुट्टी कुठली? लंडन दाखवायला पुष्कळदा एकच दिवस निघतो. मग यादी हातात घेऊन धावपळ सुरू होते. राजवाड्यापुढे फोटो, मेणाच्या पुतळ्यांपुढे रांग, संध्याकाळी पाय सुजलेले, आणि गावी परतल्यावर 'काय पाहिले?' असे कुणी विचारले तर उत्तर सापडत नाही. माझे म्हणणे असे की एकच दिवस असेल तर नदी धरावी आणि तिच्या काठाने खाली जावे.

ही नदी टेम्स. लांबी ३४६ किलोमीटर. आपली वैनगंगा तिच्याहून बरीच लांब आहे. पण टेम्सचा एक प्रकार आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा पटतच नाही. वैनगंगा पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात आटते, एवढे आपण जाणतो. टेम्स लंडनमध्ये दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. समुद्राची भरती नदीच्या तोंडातून आत शिरते आणि शहर ओलांडून वर टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. सकाळी पूर्वेकडे वाहणारे पाणी दुपारी पश्चिमेकडे चाललेले दिसते. मोठ्या भरतीला लंडन ब्रिजजवळ हा फरक सुमारे ७ मीटर असतो, म्हणजे दुमजली घर बुडेल इतका. पाणी तपकिरी दिसते ते ह्या जा-येने ढवळलेल्या गाळामुळे. त्यावरून नदी घाण आहे असे लगेच समजू नये. घाणीची गोष्ट निराळी आहे, तिच्याकडे येतोच.

सकाळी लवकर वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभे राहा. समोर पार्लमेंट, आणि १८५९ साली सुरू झालेले ते प्रसिद्ध घड्याळ. बिग बेन हे नाव खरे म्हणजे आतल्या मोठ्या घंटेचे; तिचे वजन साडेतेरा टनांहून जास्त. जवळच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत न्यूटन आणि डार्विन पुरले आहेत. राजेराण्यांच्या मधे शास्त्रज्ञांना जागा दिली, ही गोष्ट मला त्या इमारतीच्या नक्षीपेक्षा मोठी वाटते. आत जायला तिकीट पडते आणि वेळही जातो. आजच्या दिवसापुरते बाहेरून पाहा आणि नदीच्या डाव्या काठाने पूर्वेकडे चालू लागा.

ज्या रुंद, झाडे लावलेल्या रस्त्याने तुम्ही चालता तो व्हिक्टोरिया एम्बँकमेंट. तिथे पूर्वी चिखल होता, नदीचे पात्र होते. १८५० च्या सुमारास लंडनची वस्ती पंचवीस लाखांच्या घरात गेली होती आणि शहराचा सारा मैला टेम्समध्ये पडत होता. त्याच टेम्सचे पाणी कितीतरी लोक पीत होते. १८४८-४९ च्या पटकीत शहरात सुमारे १४,००० माणसे दगावली. रोग दुर्गंधीने पसरतो अशीच तेव्हा डॉक्टरांचीही समजूत. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी एका पंपाच्या पाण्यावरून दाखवून दिले की पटकी पाण्यातून येते. पण फार थोड्यांनी ते मानले. मग १८५८ चा उन्हाळा आला. नदीला अशी घाण सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडचे पाणी लावून सभासद नाकाला रुमाल धरून बसले. वर्षानुवर्षे अडलेला कायदा मग काही दिवसांत मंजूर झाला. गरिबाच्या वस्तीत माणसे मेली तेव्हा घाई नव्हती. वास सरकारच्या खिडकीतून आत आला तेव्हा घाई झाली! असो.

जोसेफ बॅझलगेट ह्या इंजिनिअरकडे काम दिले. त्याने नदीला समांतर मोठमोठी विटांची गटारे बांधली, सुमारे १३० किलोमीटर लांबीची. शहराची लहान गटारे नदीत पडण्याआधीच ती अडवतात आणि मैला खाली, शहराबाहेर नेतात. आपण धानाच्या बांधीचे पाणी धुऱ्याकाठच्या पाटाने वळवून लांब सोडतो, तशातला प्रकार. तुमच्या पायाखाली असे एक गटार आहे, त्याच्या शेजारी भुयारी रेल्वे आहे, आणि ह्या दोन्हींवर हा रस्ता. १८६६ साली पटकी पुन्हा आली ती मुख्यतः शहराच्या पूर्व भागात, जिथे हे काम पुरे व्हायचे होते. त्यानंतर लंडनला तिची मोठी साथ नाही. रस्त्याच्या कठड्यात बॅझलगेटचा लहानसा अर्धपुतळा बसवलेला आहे. प्रवासी त्याच्याकडे न बघता पुढे जातात, तुम्ही थांबा.

पण गटार लांब नेले म्हणजे घाण संपली, असे होत नाही. ती खालच्या गावांना गेली. १८७८ साली 'प्रिन्सेस ॲलिस' नावाची प्रवासी बोट ह्या गटारांच्या तोंडाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मैला नदीत सोडण्याआधी निवळण्याची सोय होऊ लागली. तरीही शहर वाढतच गेले. पाण्यात मैला कुजू लागला की सूक्ष्म जंतू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. १९५७ साली तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी लंडनची टेम्स जीवशून्य झाल्याचे सांगितले. पुढे शुद्धीकरणाची केंद्रे सुधारली, कारखान्यांवर बंधने आली, आणि आज तिच्यात शंभराहून अधिक जातींचे मासे आहेत, सीलही दिसतात. मोठ्या पावसात जुनी गटारे भरून नदीत वाहत; ते पाणी झेलण्यासाठी नदीखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदला, तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. आपल्या नागपूरची नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. पवनीकडचा माणूस ह्या रस्त्यावर उभा राहिला तर त्याला ही कथा परक्या देशाची वाटणार नाही.

एम्बँकमेंटपासून दहा-बारा मिनिटे चालले की ऑल्डविच लागते. तिथे भारताचे उच्चायुक्तालय आहे, आणि जवळच ह्यूटन स्ट्रीटवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली अमेरिकेतून इथे आले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठीही नाव घातले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा आले. काही साठवलेले पैसे, काही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, काही नवल भथेना ह्या पारशी मित्राची उसनवारी. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली, आणि बॅरिस्टरही झाले.

त्या काळात ते जिथे राहत ते घर, १० किंग हेन्रीज रोड, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. नदीपासून ते दूर आहे, पण माझ्या मते ह्या दिवसात त्याला जागा हवीच. एम्बँकमेंट स्टेशनातून भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन, नकाशात काळ्या रंगाची, धरा. एजवेअरची गाडी थेट चॉक फार्मला जाते; तिथून थोडे चालणे. स्मारकाच्या वेळा आधी पाहून ठेवा. घर साधेच आहे, शेजारच्या घरांसारखे. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. म्हणजे त्या घरातला भाडेकरू आपल्याकडे मते मागायला आला होता, आणि आपण ती पुरेशी दिली नाहीत.

गुरुजी, इथे एक गोष्ट तुमच्यासाठी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात, आणि आदिवासी मुलांसाठी देवरीच्या प्रकल्प कार्यालयात करता येते. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या हुशार मुलाला हे बारावीतच कुणी सांगितले तर पदवीला कुठला विषय घ्यायचा याचा विचार तो वेळेवर करील.

आता एम्बँकमेंटच्या धक्क्यावर परत या आणि ग्रीनिचला जाणारी बोट पकडा. उरलेले लंडन बोटीतून दिसते. सेंट पॉलचा घुमट दिसतो. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेनने बांधला, उंची १११ मीटर. मग लंडन ब्रिज, आणि पुढे डाव्या हाताला टॉवरचा किल्ला. कोहिनूर तिथेच आहे. १८४९ साली पंजाब खालसा झाला तेव्हा दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो घेतला. ज्याला पाहायचा त्याने उतरून रांगेत उभे राहावे. मी राहिलो नाही. १८९४ चा टॉवर ब्रिज मात्र मान वर करून बघा. उंच जहाज आले की त्याचे दोन्ही पंख वर उचलले जातात. वाघनखांचे म्हणाल तर ती ह्या वाटेवर नाहीत. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली. ती महाराजांचीच याला पुरावा नाही, असे ते संग्रहालयच सांगते.

ग्रीनिचला टेकडीवर १६७५ ची वेधशाळा आहे. शून्य रेखावृत्त इथून जाते; १८८४ साली ते सर्व जगासाठी ठरले. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, कारण आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून धरली आहे. गोंदिया साधारण ८०.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून गोंदियात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून नऊ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे थोडे मागेपुढे. शाळेच्या आवारात काठी रोवून सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांकडून मोजून घ्या. ग्रीनिचच्या पट्टीवर उभे राहून मोबाइल पाहिला तर त्यात शून्य दिसत नाही. शून्य येते सुमारे शंभर मीटर पूर्वेला. उपग्रहांनी मोजलेली रेषा जुन्या दुर्बिणीच्या रेषेहून थोडी सरकलेली आहे.

जूनमध्ये जाल तर हे सारे आरामात होते, सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. डिसेंबरात तो चारच्या आत जातो. तेव्हा त्या दिवसांत जाणाऱ्याने सकाळी आधी ग्रीनिच गाठावे, मग बोटीने वर यावे. पार्लमेंटचे घड्याळ अंधारातही दिसते.