तारेवरचा पक्षी तारेसकट टिपा!

निसर्गाचे छायाचित्र काढायला निघालेला हौशी माणूस सर्वांत आधी काय करतो? विजेचा खांब चुकवतो! मग तो रस्ता चुकवतो, पंपाची खोली चुकवतो, वाळत घातलेले धुणे चुकवतो. शेवटी जे हाती येते ते पाहून घरची मंडळी म्हणतात, "वा! काय घनदाट अरण्य!" प्रत्यक्षात त्या अरण्याला लागूनच चहाची टपरी असते.

भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या दक्षिणेस, सहानगड किल्ल्याचे सानगडी गाव आहे. या टापूत मात्र ही चलाखी फार काळ चालत नाही. कारण इथला निसर्ग नि माणूस यांच्यात रेघ ओढायची कुठे, हाच प्रश्न आहे. ज्या तलावांवर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, ते तलाव माणसांनीच बांधलेले. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी मातीच्या पाळी घालून पाणी अडवले नि धान पिकवले. जवळच्या नवेगावबांधचा विख्यात जलाशयही त्यांचाच. 1951 साली मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. 'माजी मालगुजारी' या शब्दांतील आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. नाव मायेचे, पण पुष्कळशा मामांची आबाळच झाली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली.

बांधीतला पाहुणा

माणसाच्या खांद्याला सहज लागेल एवढा उंच सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात नि तुरळक प्रमाणात भंडारा-चंद्रपुरात उरला आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यातील त्याची गणती पन्नाशीच्या आतच राहिली आहे. पावसाळ्यात तो पुष्कळदा धानाच्या बांधीतच काड्याकुड्यांचे घरटे रचतो. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. म्हणजे या पक्ष्याचा संसार शेतकऱ्याच्या भरवशावर चालतो! कीटकनाशके, आटत चाललेल्या पाणथळ जागा आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा हे त्याचे वैरी. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या दुर्दशेची आपणहून दखल घेतली.

आता सांगा, सारसाच्या चित्रातून वरची तार कापून टाकली तर काय उरले? देखणा पक्षी उरला, पण त्याची हकिकत गेली.

वाघाने स्वतःच काढलेले चित्र

साकोलीवरून पुढे कोहमाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नागझिरा नि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून जातो. 2013 साली ही दोन्ही जंगले मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. कागदावर एक, पण मध्ये मोटारींचा अखंड ओघ! वाघाला इकडून तिकडे जायचे तर तो ओलांडावा लागतो. त्याची किंमत काय पडते, हे 2023 च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच गोंदिया-कोहमारा रस्त्यावर दिसले. मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक वाघ मेला.

यावर उपाय आहे का? तो आहे, हे छायाचित्रांनीच सिद्ध केले. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या. तिथे स्वयंचलित कॅमेरे बसवले. 2019 च्या मार्च ते डिसेंबर या काळात त्यांत 18 जातींचे वन्य प्राणी टिपले गेले. 11 वाघ मिळून 89 वेळा तिथून गेले! चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकात वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पायाने कॅमेऱ्याचा खटका दाबवला होता. आज ते काम उष्णता ओळखणारे यंत्र करते. वर ट्रकांची चाके नि खाली वाघाची पावले, असे हे चित्र कलादालनात कदाचित कोणी टांगणार नाही. पण पुढचा रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर त्याचे मोल मोठे.

सुटीत निघालात तर

यंदा मुलांच्या हाती कॅमेरा, निदान मोबाईल तरी असणारच. त्यांना दोन-तीन गोष्टी अवश्य सांगा. घरट्याजवळ जाऊ नये. पक्षी उठला की कावळ्या-कुत्र्यांचे फावते. घरट्याचे ठिकाण चारचौघांत जाहीर करू नये. शेतात शिरण्यापूर्वी धन्याला विचारावे. धान त्याचे आहे, आणि पक्षी कुठे नि केव्हा येतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

आणि मुख्य म्हणजे तार, पाळ, रस्ता, पंप हे सारे चित्रात येऊ द्यावे. मागे तारीख नि गावाचे नाव लिहावे. दर दिवाळीला त्याच तलावाचे, त्याच जागेवरून एक चित्र काढावे. दहा वर्षांनी ती दहा चित्रे ओळीने मांडली, की तलाव भरला की बुजला, पक्षी वाढले की गेले, हे घरातले लहान मूलही सांगू शकेल. सुंदर चित्रे पुष्कळ निघतात. खऱ्या चित्रांची मात्र आपल्याकडे अजून टंचाई आहे.