वाढलेलं वजन आणि दुखण्याची गोळी

कॅन्सर झाला की माणूस वाळत जातं, हेच आपण पाहिलेलं. म्हणून छातीच्या गाठीचा इलाज चालू असताना एखादी अंगानं भरली, तोंड गोल झालं, की कुजबुज सुरू होते, "हिला कसला कॅन्सर? ही तर फुगली." आमच्या ओळखीतल्या एका बाईनं हे बोलणं मनाला इतकं लावून घेतलं की गोळ्याच बंद केल्या. चार दिवसांत तिला अंथरुणातून उठवेना.

त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. केमोनं उलटी होऊ नये, अंगावर रिअ‍ॅक्शन येऊ नये, सूज दबावी म्हणून डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड देतात. त्यानं भूक खवळते, अंगात पाणी धरतं, चेहरा सुजतो. पण ते बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. मग गोळी एकाएकी सोडली तर अंगातला जीवच जातो. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

वजन वाढायला दुसरीही कारणं आहेत. केमोनं पाळी बंद पडते. रोवणीला जाणारी बाई घरात बसते, मांस उतरतं आणि चरबी चढते. त्यात माहेरचे-सासरचे "अशक्त झालीस" म्हणून शिरा खाऊ घालतात! भात थोडा कमी, डाळ-अंडं जास्त, आणि झेपेल तेवढं अंगणात चालणं, एवढं पुष्कळ आहे. इलाज चालू असताना उपाशी राहून वजन उतरवू नका. बऱ्याच केमो औषधांचा डोस उंची आणि वजन पाहूनच ठरतो, म्हणून दवाखान्यात दर वेळी काट्यावर उभं करतात.

मात्र दोन-चार दिवसांतच वजन भराभर वाढलं, दम लागला, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर ते चरबीचं काम नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुखण्याच्या गोळ्या. हातापायाला मुंग्या आणि आग होते त्यावर प्रीगाबॅलिन देतात, त्यानंही काहींचं वजन वाढतं. अशा वेळी डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो. मेडिकलमधून मनानं आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र नकोच. स्टिरॉइडसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो आणि अंगात आणखी पाणी धरतं. पॅरासिटामॉल साधी वाटते, पण केमोच्या दिवसांत ती ताप झाकते. म्हणून आधी थर्मामीटर लावा. १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर सकाळची वाट न पाहता निघा.

दुखणं फारच असेल तेव्हा मॉर्फिन देतात, आणि घरचे घाबरतात ते याच नावाला. "सवय लागेल", "म्हणजे आता शेवटच आला" असं म्हणून गोळी लपवून ठेवणारे नवरे आम्ही पाहिलेत. बाई रात्रभर कण्हते. खरं तर डॉक्टरांनी दुखण्यासाठी ठरवून दिलेलं मॉर्फिन घेऊन नशेची सवय लागणं फार क्वचित घडतं, आणि ते घेत असताना इलाजही चालू राहतो. ही साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ पाहून घ्यायची, कळ उठण्याची वाट पाहायची नाही. पहिले काही दिवस झोप येते, मळमळतं, ते बहुधा कमी होतं. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून जुलाबाचं औषध सोबत मागूनच घ्या. फार गुंगी आली, हाक मारून उठत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध मिळणं अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलून वाट सोपी केली, तरी ते साध्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात गेलात, तर "मॉर्फिन कुठून मिळेल, संपायच्या आधी कधी यायचं" हे तिथंच विचारून घ्या. एसटीचं भाडं दोनदा लागणार नाही. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही पिशवीत ठेवा, नावं आठवत नसली तरी डॉक्टरांना कळतं. आणि मॉर्फिन पेटीत कुलूप लावून ठेवा, घरात लेकरं असतात.