मुक्काम एक, पोस्ट दुसरे

घरच्या वाय-फायवर असताना फोनच्या सेटिंग्ज उघडा आणि त्या वाय-फायच्या तपशिलात ‘आयपी ॲड्रेस’ शोधा. बहुतेकांना १९२.१६८.१.५ किंवा त्याच्यासारखाच एखादा आकडा दिसेल. आता शेजारच्या घरात कोणाला तरी हेच करायला सांगा. त्यांच्याकडेही नेमका तोच आकडा निघाला तर नवल वाटून घेऊ नका. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतले दोन फोन आणि दोघांचा पत्ता हुबेहूब एक! तरीही तुमच्या बहिणीने पाठवलेला फोटो तुमच्याच फोनवर येतो, शेजाऱ्यांकडे जात नाही. हे कसे जमते?

याचे उत्तर आपल्या जुन्या पाकिटांवर लिहिलेले आहे. गावाकडे पत्र पाठवताना आपण ‘मु. पो.’ लिहितो. गावातच टपाल कार्यालय असेल तर मुक्काम आणि पोस्ट एकच. वाडीवर मात्र टपाल कार्यालय नसते. मग ‘मु.’पुढे वाडीचे नाव येते आणि ‘पो.’पुढे जिथे टपाल उतरते त्या मोठ्या गावाचे. ‘वरची वाडी’ नावाच्या वाड्या कोकणात ठिकठिकाणी सापडतील, पण पोस्ट वेगळे असल्याने पत्र चुकत नाही.

फोनचा आयपी पत्ताही याच घडणीचा आहे. सेटिंग्जमध्ये दिसणारा १९२.१६८चा आकडा म्हणजे मुक्काम. तो घराच्या चार भिंतींपुरताच खरा. बाहेरच्या इंटरनेटला दिसतो तो तुमच्या राउटरला मिळालेला सार्वजनिक पत्ता, म्हणजे पोस्ट. ‘फोनचा आयपी पत्ता कसा बदलायचा?’ असे विचारणाऱ्याला म्हणूनच आधी विचारायला हवे, मुक्काम बदलायचा आहे की पोस्ट?

सव्वाचारशे कोटींचा हिशेब

मुक्काम आणि पोस्ट वेगळे करण्याची वेळ टंचाईमुळे आली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांनी १९७७ मध्ये पत्त्याची लांबी ३२ बिट ठरवली. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात. त्या काळी जगाची लोकसंख्या साधारण सव्वाचारशे कोटी होती, म्हणजे माणशी एक पत्ता झाला असता. प्रयोगापुरत्या जाळ्याला एवढे पत्ते उदंड वाटणे स्वाभाविक होते. पण १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट हे अमेरिकी जाळे याच पद्धतीवर आले आणि प्रयोगाची कायमची व्यवस्था झाली.

नव्वदीच्या दशकात पत्ते अपुरे पडणार हे स्पष्ट दिसू लागले. तेव्हा अभियंत्यांनी वाडी आणि पोस्टाची युक्ती काढली. काही पत्ते ‘खासगी’ म्हणून बाजूला ठेवले गेले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच, तसेच १०ने सुरू होणारेही. हे पत्ते कोणीही आपल्या घरात, कार्यालयात वापरावेत, फक्त ते बाहेरच्या जाळ्यात सोडू नयेत, असा नियम झाला.

दारात उभा असलेला राउटर पोस्टमास्तरचे काम करतो. फोनचे पाकीट बाहेर जाताना तो त्यावरचा वाडीचा पत्ता खोडून स्वतःचा पत्ता लिहितो, शेजारी एक क्रमांक घालतो आणि कोणता क्रमांक घरातल्या कोणत्या उपकरणासाठी दिला हे आपल्या वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले की वही उघडून पाकीट योग्य हाती देतो. तुमचे आणि शेजाऱ्यांचे राउटर वेगळे, त्यांच्या वह्याही वेगळ्या, म्हणून बहिणीचा फोटो चुकत नाही. या पद्धतीला नॅट म्हणतात आणि त्या क्रमांकाला पोर्ट.

एवढे करूनही पत्ते पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. मग मोबाइल कंपन्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर राबवली. आता एका सार्वजनिक पत्त्यामागे केवळ एक घर नसते, एकमेकांना कधीही न भेटलेले कितीतरी ग्राहक असतात. म्हणजे अनेक तालुक्यांना मिळून एकच पोस्ट.

भाड्याचा पत्ता

हा पत्ता फोनला देते कोण? फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा त्याच्याकडे पत्ताच नसतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, ‘कोणी पत्ता देता का?’ राउटर म्हणतो, ‘हा मोकळा आहे.’ फोन म्हणतो, ‘मग हाच घेतो.’ राउटर म्हणतो, ‘घे, अमुक इतका वेळ तुझा.’ क्षणार्धात चार वाक्यांत भाडेकरार होतो. हे डीएचसीपीचे काम. कराराची निम्मी मुदत सरली की फोन स्वतःहून नूतनीकरण मागतो. तुम्ही बाहेरगावी गेलात आणि मुदत संपली, तर तोच पत्ता पाहुण्यांच्या फोनला मिळू शकतो.

मुक्काम हाताने बदलणे सोपे आहे. अँड्रॉइडवर वाय-फायच्या तपशिलात आयपी सेटिंग्जमध्ये ‘स्टॅटिक’ निवडायचे, आयफोनवर ‘कॉन्फिगर आयपी’मध्ये ‘मॅन्युअल’. मग हवा तो आकडा लिहायचा, मात्र तो त्या घरच्या मालिकेतला हवा आणि दुसऱ्या कोणत्या उपकरणाला दिलेला नको. तसे झाले तर एकाच मुक्कामावर दोघांचा दावा उभा राहतो आणि दोघांचेही टपाल अडखळते. घरातल्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला कायमचा पत्ता द्यायचा असेल तर ही सोय उत्तम. पण असा बदल करून एखाद्या संकेतस्थळापासून लपता येईल ही समजूत चुकीची आहे. घरात खोली बदलली म्हणून पाकिटावरचे पोस्ट बदलत नाही.

गाडी धावते, पत्ता टिकतो

मोबाइल डेटावरचा प्रकार मला याहून विलक्षण वाटतो. डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी १९२ किलोमीटरच्या वाटेत एकामागून एक टॉवर मागे टाकत जातो. बोरघाटात बोगदे आडवे येतात, जोडणी तुटते, पुन्हा जुळते. फोन ज्या टॉवरशी बोलतो तो सतत बदलत असतो, तरी त्याचा आयपी पत्ता सहसा तोच राहतो.

कारण तो पत्ता टॉवरचा नसतोच. तो कंपनीच्या आत असलेल्या एका मोठ्या प्रवेशद्वारातून मिळालेला असतो. फोनसाठी आलेले प्रत्येक पाकीट आधी त्या दारापाशी पोचते. तिथे ते दुसऱ्या पाकिटात घातले जाते आणि या क्षणी फोन ज्या टॉवरखाली आहे तिकडे रवाना होते. टॉवर बदलला की आतल्या वाटेची दिशा फिरते, बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही लागत नाही. हे प्रवेशद्वार बहुधा एखाद्या मोठ्या शहरात असते. म्हणूनच सावंतवाडीत बसून एखादे संकेतस्थळ उघडले तर ते मुंबईचे किंवा आणखी दूरच्या शहराचे हवामान दाखवू शकते.

फ्लाइट मोड लावून काढला की काय होते, हे आता लक्षात येईल. फोन जाळ्यातून पूर्ण बाहेर पडतो, परत येऊन नव्याने नाव नोंदवतो आणि दारापाशी त्याला बहुधा नवा पत्ता मिळतो. पण तो नवा मुक्कामच असण्याची शक्यता आहे. त्यावर असलेले सामायिक पोस्ट बदलेलच असे नाही.

घराबाहेर पडताना फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर येतो तेव्हा मात्र मुक्काम आणि पोस्ट दोन्ही एकदम बदलतात. इंटरनेटवरचा जुना शिरस्ता असा, की दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांवरूनच संभाषण ओळखायचे. त्यामुळे पत्ता बदलला की संभाषण तुटते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या पद्धतीने संभाषणालाच स्वतंत्र क्रमांक दिला. पाकीट नव्या पत्त्यावरून आले तरी क्रमांक पाहून समोरचा ओळखतो, की बोलणे मघाचेच आहे.

पोस्ट बदलणारे पाकीट

बाहेरच्या जगाला दिसणारे पोस्ट ठरवून बदलायचे तर व्हीपीएन हा रुळलेला मार्ग. तुमचे पत्र दुसऱ्या पाकिटात बंद करून परगावच्या नातेवाइकाकडे पाठवायचे आणि त्याने बाहेरचे पाकीट फोडून आतले पत्र आपल्या गावच्या पोस्टात टाकायचे, असा हा व्यवहार. ज्याला पत्र मिळते त्याला शिक्का त्या गावाचा दिसतो. तुमच्या गावच्या पोस्टमनला फक्त नातेवाइकाचे नाव दिसते. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या खुल्या वाय-फायवर याचा खरा उपयोग होतो.

पण त्या नातेवाइकाला सगळे दिसते, पत्र कुठून आले आणि कुठे गेले. म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो. म्हणून अनोळखी फुकट व्हीपीएन घेताना त्याचा खर्च कोण भागवतो हे जरूर विचारावे. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती आणि त्यांना दिलेले पत्ते पाच वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारताबाहेर हलवले.

शिवाय पोस्ट बदलले तरी पत्राखालची सही तीच राहते. तुम्ही स्वतःच्या खात्यात लॉगिन केलेले असते, ब्राउझरने मागच्या भेटीची खूण जपलेली असते, ॲपला जीपीएसची परवानगी दिलेली असते. यातले काहीही पत्त्यावर अवलंबून नाही.

पत्त्यांची सुबत्ता

टंचाईवरचा मूळ उपाय म्हणजे आयपीव्ही६. त्याचा पत्ता १२८ बिटांचा आणि एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी. प्रत्येक वाडीला, वाडीतल्या प्रत्येक खोलीला स्वतःचे पोस्ट देता येईल एवढी. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने आरंभापासूनच या पद्धतीवर भर दिला आणि आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत भारताची गणना होते.

सुबत्तेतून नवी चिंताही आली. सुरुवातीच्या पद्धतीत पत्त्याच्या उत्तरार्धात उपकरणाचा कायमचा हार्डवेअर क्रमांक उतरत असे. मग माणूस कुठेही गेला तरी शेपटी तीच, माग काढणे सोपे. यावर तोडगा असा निघाला, की फोनने तो उत्तरार्ध स्वतःच यादृच्छिकपणे बनवायचा आणि ठरावीक काळाने बदलायचा. वाय-फायला दाखवायच्या हार्डवेअर क्रमांकाचेही तेच झाले. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन वेगवेगळ्या वाय-फायला वेगवेगळा क्रमांक सांगतो. म्हणजे पत्ता बदलण्याचे काम तुमचा फोन तुम्हाला न विचारता करतोच आहे.

तारखेचा शिक्का

हे सगळे समजून घेणे का गरजेचे आहे? कारण अशा फिरत्या, भाड्याच्या, सामायिक पत्त्याला आपण माणसाची ओळख समजून बसतो आणि त्याचे मोल कोणीतरी निरपराध मोजतो.

अमेरिकेत एका माहितीसंचात ‘हा पत्ता अमेरिकेतला आहे, याहून जास्त ठाऊक नाही’ अशा कोट्यवधी आयपी पत्त्यांसमोर देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू लिहिलेला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडत होता. कुठेही फसवणूक झाली की पोलीस आणि संतापलेले लोक त्या शेतघराच्या दारात उभे राहत. वर्षानुवर्षे हे चालले. २०१६ मध्ये त्यामागचे कारण उघड झाल्यावर तो बिंदू हलवून एका जलाशयात नेण्यात आला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जिव्हारी लागणारे आहे. २००७ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी परराज्यातल्या एका तरुणाला आयपी पत्त्याच्या आधारे अटक केली. तो सुमारे ५० दिवस येरवडा तुरुंगात राहिला. इंटरनेट कंपनीने पोलिसांना दिलेली माहितीच चुकीची होती. मजकूर टाकला गेला तेव्हा तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच.

टपाल खाते पत्रावर गावाच्या नावासोबत तारखेचाही शिक्का मारते. आयपी पत्त्याच्या बाबतीत हा शिक्का पत्त्याइतकाच मोलाचा आहे. कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटे किती सेकंदांनी, घड्याळ भारतीय वेळेचे की ग्रीनिचचे, आणि सामायिक पोस्ट असेल तर पोर्ट क्रमांक कोणता, हे सगळे जुळल्याशिवाय तो आकडा कोणाच्याही दाराकडे बोट दाखवू शकत नाही. पोलीस ठाण्यात, न्यायालयात, शाळेच्या चौकशी समितीत किंवा सोसायटीच्या बैठकीत कोणी आयपी पत्ता पुरावा म्हणून पुढे ठेवला, तर आपल्यापैकी एकाने तरी विचारावे, ‘हा पत्ता त्या क्षणी कोणाच्या मुक्कामी होता?’ येरवड्याच्या भिंतीआड गेलेले ते ५० दिवस हाच प्रश्न नीट विचारला असता तर वाचले असते.