सेवेचे मोल आणि त्यावरील कर

माझी मावशी लंडनजवळ राहते. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचे उठणे-बसणे, न्हाणे, जेवण सारे तीच पाहते. २०२५ च्या एप्रिलपासून तेथील सरकार तिला त्याबद्दल भत्ता देऊ लागले. दिवाळीत फोनवर ती म्हणाली, "अगं, भत्ता आला आणि माझ्या पगारातून कर कापायला लागले!" मला रागच आला. सेवा करायची आणि वर करही भरायचा? पण अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून नियम पाहू लागले, तेव्हा प्रश्न वाटला तितका सरळ नाही हे ध्यानी आले.

इंग्लंडात अशा घरी दोन प्रकारचे पैसे येतात. सासूबाईंना मिळतो तो 'अटेंडन्स अलाउन्स'. आजारपणामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी तो असतो, म्हणून त्यावर कर नाही. मावशीला मिळतो तो 'केअरर्स अलाउन्स'. आठवड्याला निदान ३५ तास सेवा करणाऱ्याला तो मिळतो. सेवेपायी कमाई बुडते, तिची ही अंशतः भरपाई, असे कायदा मानतो. कमाईवर कर असतो, म्हणून तिच्या जागी आलेल्या पैशावरही कर. तर्क इतकाच आहे.

आता आकडे पाहू. २०२५-२६ साली हा भत्ता आठवड्याला ८३.३० पौंड, म्हणजे वर्षाला ४,३३१.६० पौंड होता. वार्षिक १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसतो. त्यामुळे ज्याला केवळ भत्ताच मिळतो त्याला कर पडत नाही. परंतु मावशी एका दुकानात अर्धवेळ काम करते. आठवड्याला १९५ पौंड धरले तर वर्षाचे १०,१४० होतात. नुसत्या पगारावर कर शून्य. भत्ता मिळवला की बेरीज १४,४७१.६० होते. मर्यादेवरच्या १,९०१.६० पौंडांवर २० टक्के दराने सुमारे ३८० पौंड कर बसतो. भत्ता हाती देताना कर कापत नाहीत. तो पगारातून वसूल होतो. मावशी गोंधळली ती यामुळेच.

बरे, पगार वाढवावा म्हटले तर तेही अवघड. त्या वर्षी करादी वजावट करून कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या वर गेली, की त्या आठवड्याचा सबंध भत्ता बंद! एक पौंड जास्त मिळवून ८३ पौंड गमवायचे.

आणखी एक भागाकार मी केला. ८३.३० ला ३५ ने भागले की तासाला २.३८ पौंड येतात. त्याच वर्षी प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. कर घेताना ही कमाई. देताना मात्र वेतन नव्हे! माझा आक्षेप आहे तो येथे.

या भत्त्याचा इतिहासही बोलका आहे. १९७६ साली तो सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना वगळले होते. त्या घरी असणारच, असे गृहीत धरून! आईच्या सेवेसाठी काम सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी दाद मागितली आणि जून १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

हे वाचताना आमचेच घर डोळ्यांपुढे आले. माझी आजी अंथरुणाला खिळून आहे. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत अपंग आप्ताच्या पालनपोषणासाठी ७५,००० रुपयांची, तर अपंगत्व तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. बाबा ती दरवर्षी घेतात. रात्री तीनदा उठून आजीची कूस बदलते ती आई. पण तिला उत्पन्नच नाही, तेव्हा वजावट कशातून घेणार? बाबांचा कर वाचतो, आईचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही.

मावशीच्या सेवेवर कर बसतो, कारण सरकारदरबारी तिची काहीतरी नोंद आहे. आईला कर नाही, कारण नोंदच नाही. हे सारे मी आईला समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, "बरं, आता जरा आजीला धर, चादर बदलू दे."

मी धरले. वर्षातून कितीदा धरते, याचा हिशेब मात्र मी अद्याप मांडलेला नाही.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)